मनाच्या दुखण्यात सोबत कुठे शोधावी
हाटपिपल्या, देवास व धार परिसरातील मराठी कुटुंबांसाठी माहिती

घरातल्या कुणाची झोप उडाली आहे, कुणी महिनोन्‌महिने गप्प बसले आहे, कुणाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणाची दारू सुटत नाही. अशा वेळी हाटपिपल्यासारख्या गावातल्या कुटुंबाने आधी कुठे जावे, कुणाशी बोलावे आणि हीच वेळ ज्यांच्यावर येऊन गेली अशी माणसे कशी भेटतील, याची माहिती येथे एकत्र दिली आहे. आजाऱ्यांपेक्षा त्यांच्या घरच्यांना ती अधिक उपयोगी पडेल, कारण शोधाशोध बहुधा घरचेच करतात.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात मध्य प्रदेशही होता. आपल्या राज्यात १३.९ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास होता, व्यसनेही त्यात धरली होती. ज्यांना उपचारांची गरज होती त्यांतल्या ९१ टक्क्यांपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. म्हणजे दहा घरांत दुखणे असेल, तर नऊ घरे ते नुसतेच सोसत होती. डॉक्टर दूर असणे हे एक कारण. दुसरे आपल्याला चांगले माहीत आहे. मुलीचे स्थळ अडेल, धाकट्याच्या नोकरीत बोभाटा होईल, ओटल्यावर चर्चा होईल. गाव लहान असल्याने कोण कोणत्या दवाखान्याच्या पायरीवर बसले होते हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते.

देवासात कुमार गंधर्वांच्या क्षयाची हकीकत अनेकांना तोंडपाठ आहे. १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी देवासला आले, काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागले, औषधाने बरे झाले आणि पुन्हा गायला बसले. क्षयही त्या काळी लपवण्याचाच आजार होता. आज ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मनाच्या आजाराला तेवढा मोकळेपणा अजून मिळालेला नाही, म्हणून खाली जिथे जमेल तिथे नाव न सांगता मदत कशी घेता येते हेही लिहिले आहे.

पहिला फोन

सर्वांत सोपी आणि खासगी सुरुवात म्हणजे टेली-मानस. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. क्रमांक १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. दिवसरात्र चालू असते आणि पैसे लागत नाहीत. भाषा निवडता येते, त्यांत मराठीही आहे. मराठी बोलणारे कुणी लगेच मिळाले नाही तर अडून न बसता हिंदीत सुरुवात करावी. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो. त्याला गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळचे सरकारी केंद्र सांगतो. घरच्या माणसानेही फोन करावा. “माझा मुलगा दवाखान्यात यायला तयार नाही, मी काय करू” हा प्रश्न विचारायला मुलगा शेजारी असायला हवा असे नाही.

व्यसनासाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही वेगळी सेवा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७, लहान मुलांसाठी १०९८ आणि घरात मारहाण होत असलेल्या भगिनींसाठी १८१. त्रास उदासीचा वाटतो पण मुळाशी मारहाण असते, असे अनेकदा दिसते. तिथे नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही.

जिवाला धोका दिसत असेल तर मात्र फोनवर समुपदेशन घेत बसण्याची ती वेळ नव्हे. १०८ किंवा ११२ लावावा, माणसाला एकटे सोडू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. कुणी “आता जगण्यात अर्थ नाही” असे बोलू लागले तर “तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारले म्हणून माणूस बोलता होतो. आपल्याकडे घरोघरी शेती आहे. गव्हाच्या कोठीसाठी आणलेल्या गोळ्या आणि सोयाबीनवर फवारायची औषधे घरातच पडलेली असतात. असा काळ चालू असताना ती घरातून हलवावीत किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. वाईट क्षण बहुतेक वेळा ओसरतो. त्या क्षणी हाताशी काही नसणे, एवढ्यानेही माणूस वाचतो.

देवास आणि इंदूर

हाटपिपल्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ बसला नाही तरी तिथल्या डॉक्टरांना सांगून ठेवावे. थायरॉईड, रक्तक्षय, मधुमेह यांमुळेही मरगळ येते, त्यामुळे आधी साध्या तपासण्या झालेल्या बऱ्या. पुढचा टप्पा देवासचे महात्मा गांधी जिल्हा चिकित्सालय. राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्यासाठी ‘मन कक्ष’ नावाची खोली असते. पर्ची काढताना तेच नाव सांगावे. मागे उभा असलेला ओळखीचा माणूस ऐकेल ही भीती असेल, तर फक्त “मन कक्ष” म्हणणे “मानसिक विभाग” म्हणण्यापेक्षा सोपे जाते. धारच्या मंडळींसाठी तिथले भोज चिकित्सालय आहे. डॉक्टर कोणत्या वारी असतात हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, नाहीतर बसचे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी दोन्ही बुडते.

मोठ्या आजारासाठी इंदूर. बाणगंगा भागातले सरकारी मानसिक चिकित्सालय एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो, म्हणजे दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण महाराष्ट्रात ‘येरवड्याला पाठवा’ आणि इकडे ‘आग्र्याला पाठवा’ या टोमण्यांनी आपल्या मनात अशा जागेविषयी एकच चित्र ठसवले आहे: आत गेला तो परत येत नाही. प्रत्यक्षात उपचार घेणारे बहुसंख्य लोक घरीच राहतात, शेतात किंवा कचेरीत जातात आणि महिन्या-दोन महिन्यांनी दाखवायला येतात. खासगी डॉक्टरही इंदूर-देवासात आहेत. इंदुरात मराठी वस्ती जुनी आणि मोठी असल्याने मराठी बोलणारा डॉक्टर शोधला तर सापडतो.

कोण काय करतो याचा गोंधळ होतो, म्हणून थोडे स्पष्टीकरण. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. औषध तोच लिहितो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलून करायचा उपचार करतो, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असायला हवी. ती आहे का, हे विचारायला संकोच करू नये. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. चांगले समुपदेशक पुष्कळ आहेत, तरी शिक्षण कुठे झाले आणि किती वर्षे काम करता हे पहिल्याच भेटीत विचारावे. “दहा बैठकांत पूर्ण बरे करतो, पैसे आधी भरा” म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

औषधाविषयी दोन गोष्टी. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. आपली माणसे आठव्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून सोडून देतात. आणि बरे वाटू लागल्यावर त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

देवस्थानाचा विषय टाळून चालणार नाही. मालव्यात अंगात येणे, बाहेरची बाधा, झाडफूक हे सगळ्या समाजांत आहे, आपल्यातही आहे. रतलाम जिल्ह्यातल्या जावऱ्याच्या हुसेन टेकरीवर सर्व धर्मांचे लोक आजारी माणसाला घेऊन जातात. आजीची श्रद्धा असेल तर तिच्याशी भांडून काही मिळत नाही, उलट घरात दोन तट पडतात. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम चालवला गेला. मुजावर दुआ देतात आणि त्याच आवारात डॉक्टर तपासतात. घरीही तसे करता येते. नवस असू द्या, गोळी चुकवू नका. मात्र कुणी साखळीने बांधायला सांगत असेल तर तिथून माणसाला लगेच परत आणावे. मानसिक आजारी व्यक्तीला साखळदंड घालणे २०१७ च्या कायद्याने पूर्ण निषिद्ध आहे.

मराठीत दुखते, हिंदीत सांगायचे

ही अडचण आपली खास आहे. चार-पाच पिढ्या मालव्यात राहून आपण बाजारात, शाळेत, कचेरीत हिंदी बोलतो. पण आई दुखणे सांगते ते मराठीत. “मला करमत नाही” याला हिंदीत “मन नहीं लगता” म्हणतात खरे, पण करमत नाही यात जी पोकळी आहे ती त्यात पुरती उतरत नाही. ‘हुरहूर’, ‘खंत’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोके भणभणते’, ‘आतल्या आत कोंडल्यासारखे होते’ हे शब्द डॉक्टरसमोर “घबराहट होती है” एवढ्यावर येऊन थांबतात, आणि चिठ्ठीवर त्या एका शब्दापुरतेच औषध लिहिले जाते.

यावर उपाय साधा आहे. जाण्याच्या आधी दोन-तीन दिवस आजारी व्यक्तीचे शब्द तिच्याच भाषेत कागदावर टिपावेत. त्याखाली तिच्या दिवसात काय बदलले ते लिहावे: किती वाजता जाग येते, जेवण किती राहिले, अंघोळ कितीदा टळली, पूर्वी आवडीने करायची आणि आता सोडलेली कामे कोणती. “आई उदास आहे” यापेक्षा “आईने तीन महिन्यांत एकदाही भजनाला पाऊल टाकले नाही, पहाटे तीनला उठून बसते” हे डॉक्टरला अधिक कळते, मग ते कोणत्याही भाषेत सांगा. सोबत जाणाऱ्याने दुभाष्याचे काम करावे, पण तिच्या ऐवजी बोलू नये. आणि डॉक्टरला दहा मिनिटे तिच्याशी एकटीशी बोलू द्यावे. सुनेला सासूसमोर आणि सासूला सुनेसमोर सांगता येत नाही असे बरेच काही असते.

गट म्हणजे नेमके काय

डॉक्टर औषध देतो, पण रात्री दोन वाजता मुलगा भिंतीशी बोलतो तेव्हा आपण काय करायचे, हे ज्याच्या घरी ते घडून गेले तोच सांगू शकतो. आधारगटाचा जन्म या गरजेतून झाला. गटोपचार वेगळा. तो प्रशिक्षित उपचारक ठरावीक बैठकांत घेतो आणि त्याची फी असते. आधारगट किंवा स्वमदत गट समदुःखी लोक स्वतः चालवतात, आणि त्यात कुणी कुणाचा डॉक्टर नसतो.

पुण्या-ठाण्याकडच्या मराठी आधारगटांनी दोन सुंदर शब्द रूढ केले आहेत. आजारी व्यक्तीला ते ‘रुग्ण’ न म्हणता शुभार्थी म्हणतात, आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि तिथलेच पार्किन्सन्स मित्रमंडळ हे शब्द वापरतात. ‘वेड्याची आई’ आणि ‘शुभंकर’ यांत किती अंतर आहे हे त्या आईलाच विचारावे. आपल्याकडे गट झाला नाही तरी हे दोन शब्द उचलायला काहीच लागत नाही.

स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची हकीकत आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना जवळची वाटावी अशी आहे. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीचा स्किझोफ्रेनिया त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिला, परदेशातले कुटुंबगट पाहिले आणि तसेच काम पुण्यात उभे केले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट त्यांच्याच प्रयत्नांतून निघाला. अतुल कुलकर्णी त्यात शुभार्थी झाले आहेत. कुटुंबाने एकत्र बसून तो पाहावा. डॉक्टरांच्या भाषणाने जे पटत नाही ते बहिणीची त्यातली ओढाताण पाहून पटते.

ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी चालवली आहे. आजारी व्यक्तींचे आणि पालकांचे गट तिच्या कामाचा भाग आहेत, आणि मराठीतली भाषणे-मुलाखती तिच्या यूट्यूब वाहिनीवर घरबसल्या पाहता येतात. पुणे-ठाण्याच्या गटांना फोन करून बाहेरगावच्या कुटुंबाला फोनवरून किंवा व्हिडिओवरून भाग घेता येईल का, हे विचारावे. लहान गावातल्या माणसासाठी यात एक मोठी सोय आहे. पडद्यावरच्या वीस जणांत ओळखीचे कुणी नसते.

व्यसनाच्या बाबतीत मराठीत सर्वांत मोठे काम पुण्याच्या मुक्तांगणचे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने ते १९८६ साली येरवड्यात सुरू केले. तिथे ३५ दिवस राहून उपचार असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरी परतल्यावरचा पाठपुरावा, आणि व्यसनी माणसांच्या पत्नींचा ‘सहचरी’ हा गट. दारू एक पितो आणि आजारी सगळे घर पडते, हे ओळखून बायकोसाठी वेगळी जागा केली गेली. इंदुरात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा होतात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून ही चळवळ निघाली. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, धर्म-जात विचारत नाहीत. मराठीत बोललेले चालेल का असा संकोच वाटला तर पहिल्या सभेत नुसते ऐकावे.

शेजारच्या सीहोरात काय झाले

आपल्याला जे हवे आहे त्याच्या सर्वांत जवळची गोष्ट देवासला लागून असलेल्या सीहोर जिल्ह्यात घडली आहे, आणि तिचे मूळ गोव्यात आहे. गोव्याच्या ‘संगत’ या १९९६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने एक प्रश्न विचारला. डॉक्टर पुरत नाहीत, तर शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून उदासीवर बोलून उपचार करता येईल का? त्यांनी ६ ते ८ भेटींचा एक साधा कार्यक्रम बसवला. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर तो तपासला गेला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी, ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के लोक उदासीतून बाहेर होते. नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. भेटी घेणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. पुढे सीहोरमध्ये आशा कार्यकर्त्यांना हेच काम शिकवण्याचा प्रयोग झाला, त्यात मोबाईलवरून प्रशिक्षण देण्याचाही भाग होता.

या भेटींत काय करतात ते कळले तर घरीही उपयोगी पडेल. उदास माणूस एकेक काम सोडत जातो. आधी देवळात जाणे सुटते, मग अंगणात बसणे, मग शेजारणीशी बोलणे. काम सुटले की मन आणखी खचते, मन खचले की आणखी काम सुटते. हे चक्र उलट फिरवायचे. “मन लावून कर, हसत राहा” असा उपदेश करायचा नाही. एकच छोटे काम ठरवायचे, वार आणि वेळ ठरवायची, आणि पुढच्या भेटीत ते झाले का, करताना कसे वाटले हे विचारायचे. मंगळवारी सकाळी आठला तुळशीला पाणी. तेवढे जमले की गुरुवारी बहिणीला फोन. इच्छा झाल्यावर काम करू असे म्हणत बसलो तर इच्छा होतच नाही. काम आधी, इच्छा मागून येते.

विदर्भातही ‘विश्राम’ नावाने असे काम झाले. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावकऱ्यांशी उघडपणे या विषयावर बोलले गेले, गावातलेच कार्यकर्ते तयार झाले. उदासीने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत तर डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ च्या सुमारास आज्यांनाच शिकवले. दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर आजी बसते आणि दुःखी माणूस तिच्याशी बोलतो. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फार विचार करणे’. आपल्याकडेही “तो फार विचार करतो” असेच म्हणतात! आपल्या समाजात निवृत्त शिक्षिका, परिचारिका, पोस्टातले काका यांची कमी नाही. बाक तेवढा ठेवायचा राहिला आहे.

आपला गट काढायचा तर

चार-पाच कुटुंबे पुरेत. पहिला प्रश्न जागेचा. हाटपिपल्यात कुणाच्या घरी बसलात तर शेजारी विचारणारच, “आज काय आहे तुमच्याकडे?” म्हणून सुरुवात देवासला केलेली बरी. तिथे बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला जाणे रोजचेच असल्याने कुणी लक्ष देत नाही. महिन्यातला एकच ठरलेला वार ठेवावा, उदाहरणार्थ दुसरा रविवार, आणि दोनच माणसे आली तरी बैठक मोडू नये. दीड तास पुरे. चहा असावा, फराळाचा बेत नसावा, नाहीतर पुढच्या वेळी कुणाच्या घरच्या साबुदाणा खिचडीला किती शेंगदाणे होते यावर गोष्ट जाते, आणि भगिनींवर कामाचा बोजा पडतो तो वेगळाच.

नियम थोडे पण कडक असावेत. इथे ऐकलेले बाहेर जाणार नाही, नवऱ्यालासुद्धा सांगायचे नाही. दुसऱ्याची गोळी बदलायचा सल्ला कुणी द्यायचा नाही. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचे नाही. रडणाऱ्याला गप्प करायचे नाही. आणि सगळ्यांत अवघड नियम असा: गटात कळलेली गोष्ट स्थळ जुळवताना किंवा मोडताना वापरायची नाही. आपल्या समाजात सगळे एकमेकांचे नातेवाईक निघतात, म्हणून हा नियम पहिल्याच बैठकीत मोठ्याने बोलून घ्यावा. जो तो पाळणार नाही असे वाटते त्याला बोलावूच नये, मग तो मंडळाचा कितीही जुना पदाधिकारी असो.

शुभार्थी आणि शुभंकर यांच्या बैठका सुरुवातीला वेगळ्या ठेवाव्यात. मुलासमोर आई “मी थकले” म्हणू शकत नाही. एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला आधी भेटून, गरज पडली तर आम्ही तुमच्याकडे पाठवू, एवढे ठरवून ठेवावे. दर बैठकीला त्यांना बोलावू नये, नाहीतर ती फुकट तपासणी होते आणि माणसे एकमेकांशी बोलायची थांबतात. व्हॉट्सॲप गट करायचाच असेल तर फक्त वार-वेळ कळवण्यापुरता. एकदा सुप्रभात आणि ‘डिप्रेशनवर रामबाण काढा’ सुरू झाले की ज्याला खरेच काही सांगायचे आहे तो गप्प होतो.

हक्क आणि कागद

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे सरकारी मानसिक उपचार मिळणे हा हक्क आहे आणि आजाराची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टर-रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरून चालावे, असे हा कायदा सांगतो. म्हणून “पोलीस केस होईल” या भीतीने घरच्या घरी ठेवू नये, रुग्णालयात न्यावेच. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे असेही कलम आहे, तेव्हा पॉलिसी घेताना एजंटला हे दाखवावे. आपली शुद्ध चांगली असताना पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. आजार दीर्घ असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. ४० टक्के किंवा अधिक प्रमाण असेल तर योजनांसाठी ते कामी येते, आणि त्यासाठी अर्ज जिल्हा रुग्णालयातून पुढे जातो.

देवासला किंवा इंदूरला पहिल्यांदा जाताना बरोबर घ्यायचे सामान: आधार कार्ड, आयुष्मान कार्ड असल्यास ते, जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, सध्या चालू असलेल्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे, वर सांगितलेला मराठीतला कागद, आणि डबा. रांगेत दुपार होते, आणि उपाशी माणूस डॉक्टरसमोर नीट बोलत नाही. परतताना पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्यावी आणि ती दोघांच्या फोनमध्ये घालावी, आजाऱ्याच्या आणि सोबत जाणाऱ्याच्या.